गच्चीचं दार

मार्च अर्धा सरला की आमच्या नालवाडीत कूलर माळ्यावरून खाली उतरू लागतात. कुणाच्या अंगणात पत्र्याची टाकी पालथी पडलेली असते, कुणी तिच्या गंजक्या तळाला डांबर फासत असतं, कुणी पंप बादलीत बुडवून त्याच्यात अजून जीव आहे का ते बघत असतं. चौकात हातगाडीवर पिवळं गवत येतं आणि दरवर्षीप्रमाणे बायका गाडीवाल्याला ऐकवतात की मागच्या वर्षी गवत जास्त दाट होतं. घरी आणून ते जाळीत दाबून बसवायचं, टाकी भरायची, पंखा लावायचा, की खोलीभर ओल्या गवताचा वास सुटतो. या वासावर वर्ध्याच्या माणसांचा जीव आहे. माझी आई तर डोळे मिटून कूलरपुढे बसते आणि आता हा उन्हाळा सोसेल असं जाहीर करते. मला मात्र तो वास आला की खोलीबाहेर जावंसं वाटतं.

माझ्यासाठी तो वास परीक्षेचा आहे. शाळेतल्या परीक्षांचा नव्हे. त्या मी घोकंपट्टी करून पार पाडल्या आणि विसरूनही गेले. ही परीक्षा तिशी ओलांडल्यावर दिली, एका कडक उन्हाळ्यात, आणि तिच्यात पास झाले. नापास झाले असते तर आज हा वास गोड लागला असता, असं आता खुशाल म्हणता येतं. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली, आणि नागपूर रोडवरच्या एका चार मजली व्यापारी इमारतीत देखभालीची सुपरवायझर. खाली कपड्यांचं मोठं दुकान, वर बँक, त्यावर रक्त तपासायची लॅब, आणि सगळ्यात वर शिकवणी वर्ग. या सगळ्यांना गार हवा पुरवणारं एक मोठं यंत्र तळघरात आहे. त्याला चिलर म्हणतात. ते पाणी थंड करतं आणि ते पाणी नळ्यांतून मजल्यामजल्यावर फिरतं. इमारतीच्या विजेतला मोठा घास तेच खातं. कागदावर त्या यंत्राची प्रमुख मी होते. प्रत्यक्षात ते मडावीमामांच्या हाताखाली होतं.

मडावीमामा सेलूच्या पलीकडच्या एका गावचे. घरी गोंडी बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडी, आणि यंत्राशी काहीच नाही. त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून नुसते उभे राहायचे. मग म्हणायचे, याचं आज काहीतरी बिनसलं आहे, आणि दुपारपर्यंत ते खरं निघायचं. मला ते बाई म्हणत. आमच्याकडे बाप लेकीला म्हणतो, तसं बाई. येणारा-जाणारा मला मॅडम म्हणत असताना मामांच्या तोंडून बाई ऐकलं की सुरुवातीला मला राग यायचा, कारण मी एवढी शिकलेली. पुढे पुढे ते रजेवर असले की दिवसभर काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात मामा पहाटे पाचला येत. सायकल पार्किंगच्या खांबाला टेकवायची, तळमजल्याच्या मागच्या भिंतीतल्या जाळीच्या चार खिडक्या उघडायच्या. बँकेचं कुलूप वेगळं, पण बाकीचे वऱ्हांडे मोकळे. जिना चढत जाताना त्यांची दारं एकेक विटेनं अडवून उघडी ठेवायची आणि शेवटी गच्चीचं लोखंडी दार सताड उघडायचं. दिवसभर तापून कोंडलेली हवा वरच्या दारातून निघून जाई आणि खालून पहाटेची गार हवा आत येई. मग डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडून मामा त्याचं टोक भिजवत आणि तो दाराच्या कडीला लटकवत. टोक बाहेरच्या बाजूला उडू लागलं की त्यांचं समाधान होई. तिसऱ्या मजल्यावर उतरून भिंतीला उलटा हात लावायचा, पुन्हा वर जायचं. पूर्वेच्या कठड्यावर ऊन टेकलं की सगळं बंद करत खाली यायचं. त्यामुळे आमचा चिलर साडेदहापर्यंत लावावा लागत नसे. शेजारच्या इमारतीतला आठलाच घरघरू लागायचा.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे शिकवलं कोणी. त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लहानपणच्या कुडाच्या घराला छपराखाली वीतभर फट होती आणि त्यांची माय पहाटे उठली की चूल पेटवायच्या आधी दोन्ही दारं उघडायची, एवढंच त्यांनी सांगितलं. इमारत म्हणजे जरा उंच घर, असा त्यांचा हिशोब होता.

आणि मग एक पत्र आलं. इमारतीच्या मालकांना विजेची बचत करणारी इमारत म्हणून कुठला तरी दर्जा हवा होता, आणि त्यासाठी यंत्र चालवणारी माणसं प्रशिक्षण घेतलेली, परीक्षा दिलेली, प्रमाणपत्र असलेली लागणार होती. जूनपासून प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं प्लांट रूममध्ये, म्हणजे चिलरच्या खोलीत, पाऊल टाकायचं नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. मामांचं शिक्षण सातवी. पण अनुभवाची वर्षं शिक्षणाऐवजी धरणार होते, म्हणून त्यांचाही अर्ज भरला गेला. माझी तर नोकरीच कंत्राटी होती, वडील गेल्यापासून घर माझ्या पगारावर, आणि प्रमाणपत्र मिळालं तर कायम करू असं आमचे व्यवस्थापक साहेब दोनदा म्हणाले होते. मला ते हवंच होतं. किती हवं होतं ते आज लिहितानाही जरा लाज वाटते.

वर्ग सेलू रोडवरच्या एका कॉलेजच्या सभागृहात भरायचे. वीज कशी वाचवावी हे शिकवण्यासाठी तो हॉल अठरावर गार करून ठेवलेला असे. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत आम्ही चाळीस जण काखेत हात घालून कुडकुडत बसलो होतो. मामांनी दुपट्टा कानावरून गच्च बांधला होता. प्रशिक्षक पुण्याचे, मनाने चांगले, पडद्यावर इंग्रजी आणि तोंडी हिंदी. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की यंत्रावरचा ताण कमी करायचे उपाय कोण सांगेल. मामा उभे राहिले आणि म्हणाले, सायेब, दार उघडलं तं नाई चालत का. सगळा हॉल हसला. मीही हसले. प्रशिक्षकांनी सौम्यपणे समजावलं की आपला विषय यंत्र चालवण्याचा आहे, दारं-खिडक्या पुढच्या अभ्यासक्रमात येतात. मामा मान डोलावून खाली बसले आणि त्यानंतर त्या वर्गात बोलले नाहीत.

त्या महिन्यातल्या दुपारी मला अजून आवडतात, आणि म्हणूनच त्या आठवायला नको वाटतात. प्लांट रूममध्ये उलट्या बादलीवर मामा, स्टुलावर मी, मधे उघडी वही. मी प्रश्न विचारायची, ते उत्तर द्यायचे. युनिट म्हणजे काय, मीटर कसं वाचायचं, थंड पाण्याच्या जाणाऱ्या-येणाऱ्या नळीत किती फरक असला पाहिजे. शब्द त्यांना नवे होते, गोष्टी जुन्या. एखादा इंग्रजी शब्द मी फोड करून सांगितला की ते हसून म्हणायचे, असं म्हणजो ना मंग, हे तं मले माईत आहे. डब्यात त्यांच्याकडे अंबाडीची भाजी असायची, माझ्याकडे आईचं भरीत. लेखी परीक्षेत ते काठावर पास झाले तेव्हा त्यांनी सगळ्या स्टाफला समोसे खाऊ घातले होते. उरला होता प्रकल्प आणि तोंडी परीक्षा.

प्रकल्प म्हणजे आपल्या इमारतीत वीज वाचवणारी एक गोष्ट करून दाखवायची, चौदा दिवसांच्या नोंदी जोडायच्या. मला काही सुचत नव्हतं. मी दिवे बदलायचं लिहून नेलं तर प्रशिक्षक म्हणाले, दिव्यांचं सगळेच लिहितात. त्या दिवशी घरी येताना डोक्यात लख्ख आलं की आपल्याकडे रोज पहाटे पाचला प्रकल्प होतच असतो. रात्री मामांना फोन करून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी तापमापक घेऊन अंधारात हजर झाले. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी जिन्याच्या पायऱ्या झाडून ठेवल्या होत्या. चौदा पहाटा आम्ही तो जिना चढलो. ते तापमापक धरायचे, मी आकडा लिहायची. सहा दिवस दार उघडून, सहा दिवस मुद्दाम बंद ठेवून, दोन दिवस पडताळा. बंद ठेवायच्या दिवशी मामा अस्वस्थ व्हायचे, इमारतीला उपास घडतो म्हणायचे. आकडे फार सुंदर आले. तिसऱ्या मजल्यावर उभं राहून मी त्यांना म्हटलं,

"मामा, हे आपण दोघायचं म्हणून देऊ."

"देजो," ते म्हणाले.

अर्जावर मात्र एका उमेदवाराचा एक प्रकल्प असं छापलं होतं. खाली एक रकाना होता, सोबत काम करणाऱ्यांची नावे, असल्यास. मी अर्ज घेणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, सोबतीदेखील परीक्षार्थी असेल तर दोघांचेही अहवाल तपासणीला जातील, निकाल कदाचित पुढच्या तुकडीबरोबर लागेल. पुढची तुकडी दिवाळीनंतर होती. माझ्यामागे रांग होती, हॉल गार होता, हातात बॉलपेन होतं. त्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली. दोन बोटं लांब असेल ती. सही करायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मग मी चांगुलपणा केला. आपलं मन खाऊ लागलं की आपण करतो तो चांगुलपणा. रात्रभर बसून मामांच्या नावाने दिवे बदलण्याचा अहवाल तयार केला, आकडे माझ्याकडे होतेच, आणि सकाळी त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवला. दाराचं काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते माझ्या नावावर गेलं, नियमच तसा आहे. मामांनी तो कागद उलटा केला आणि कोरी बाजू पाहिली. रागावले असते तर बरं झालं असतं. मी उत्तर तयारच ठेवलं होतं.

"देल्लं तं देल्लं," ते म्हणाले आणि सही केली.

त्यांच्यात दिलेली वस्तू परत मागत नाहीत आणि ती आपली होती असं पुन्हा बोलूनही दाखवत नाहीत. बैल असो, विळा असो, गाण्याची ओळ असो. दिली की ती घेणाऱ्याची, वापरायची तर त्याला विचारून. हे मला माहीत होतं. एकदा त्यांनी त्यांच्या भावाला दिलेली सायकल स्टँडवर उभी होती, तर दवाखान्यात जायच्या घाईतही भावाचा फोन लागेपर्यंत ते तिच्याजवळ थांबले होते. मी तेव्हा त्यांना खूप चिडवलं होतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या खोलीच्या दारात एक मोठा कूलर लावला होता. गवत त्याच आठवड्यात बदललेलं. बोलणं ऐकू यावं म्हणून पंखा बंद ठेवून नुसता पंप चालू होता. गवत ठिबकत होतं आणि वऱ्हांडाभर तो वास. माझी परीक्षा झक्क झाली. दोघे परीक्षक खूश. एकाने विचारलं, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी. मी म्हटलं, निरीक्षणातून. बाहेर येऊन कूलरमागच्या बाकावर बसले, तोवर मामा आत गेले. दार कूलरमुळे उघडंच होतं. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि मांडीवर दुपट्टा धरलेला हात.

परीक्षकांनी दिव्यांचा अहवाल पुढे करून विचारलं की हे तुम्ही केलं आहे का. मामा म्हणाले, नाई सायेब, लिहून देल्लं आहे.  परीक्षक वाईट नव्हते. ते पुढे झुकून म्हणाले,

"ते राहू द्या. वीज वाचवायला तुम्ही स्वतः काय करता, तेवढं सांगा."

 मामांनी मान वळवली आणि कूलरच्या बाजूने, उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. ते विचारत होते. वस्तू आता माझी होती आणि ती वापरू का, एवढंच. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. माझा अहवाल तपासून झाला होता, गुण मांडून झाले होते. पण मला वाटलं, आता त्यांनी दाराचं नाव काढलं तर परीक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवतील. मी खाली टाकीकडे बघत राहिले. गवतातून पाणी पडत होतं.

"काई नाई सायेब," मामा म्हणाले. "मशीन पाहातो."

त्या नजरेचा अर्थ मला पुढे कधीतरी कळला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत असे. ते खोटं आहे. मला तो त्याच क्षणी कळला होता.

ते नापास झाले. मी पहिली आले, माझं नाव फळ्यावर लागलं, आईने देवापुढे पेढे ठेवले. पुन्हा बसता येतं, मी मामांना सांगायला गेले. या वेळी आपण दाराचंच लिहू, मी साहेबांशी बोलते. माझा आवाज फार गोड झाला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकदा सायबापुढं नाई म्हटलं," ते म्हणाले. "आता हाव कसं म्हणू?"

जूनच्या पहिल्या दिवशी ते प्लांट रूमच्या दारात बाहेरच थांबले. नियम त्यांनी वाचला होता. उंबऱ्याच्या अलीकडून हात लांबवून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे धरला. गच्चीच्या किल्लीला त्यांनी ओळखीसाठी लाल दोरा बांधला होता. घ्या मॅडम, ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. प्रमाणपत्रवाल्या माणसाला म्हणतात तसं ते म्हणाले, अगदी मनापासून. मला जोरात रडू आलं आणि मी यंत्राचा आवाज जास्त येतोय असं काहीतरी बोलून आत वळले.

त्यांना पार्किंगच्या गेटवर बसवलं. पत्र्याची शेड, प्लास्टिकची खुर्ची, गाड्यांना टोकन. मी स्कूटरवरून आले की ते दांडा वर करायचे. त्यांच्या डोक्यावरच त्या जाळीच्या चार खिडक्या होत्या, आणि त्या आता मी उघडत असे, पाचला जमत नसे म्हणून सहाला. एक दिवस मला अजून उशीर झाला तर मामा खिडक्यांखाली उभे होते, हात मागे बांधून. खिडक्यांना कुलूप नव्हतं. त्यांनी हात लावला नव्हता. दिवाळीच्या आधी ते नोकरी सोडून गावी मुलीकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी मी नागपूरला होते, पुढच्या प्रशिक्षणाला. जाणं टाळता आलं असतं.

पुढे माझं बरं चाललं. कायम झाले, पगार वाढला, प्रशिक्षकांच्या यादीत नाव गेलं. आज प्रशिक्षणाची जी पुस्तिका निघते तिच्यात आमचं दार आहे. माझ्या नावासकट, चित्रासकट. ते चित्र मीच काढलं होतं, चौदा पहाटांपैकी एका पहाटे. उघडं लोखंडी दार, पलीकडे फटफटणारं आभाळ, आणि कडीला अडकवलेला पांढरा दुपट्टा, टोक बाहेर उडालेलं. दर तुकडीत कुणीतरी विचारतं, मॅडम, हे कापड कशाचं. मी सांगते, हवेची दिशा बघायला. उत्तर बरोबर आहे. सगळे लिहून घेतात. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, तेव्हा मला दहापैकी दहा होते.

आणि ज्या दाराचं मी हिंगणघाटच्या दवाखान्यात, सेलूच्या कॉलेजात शिकवत फिरते, ते आता बंद असतं. मागच्या वर्षी गच्चीवरून तांब्याच्या नळ्या चोरीला गेल्या. मग दाराला कार्डाचं कुलूप आलं, रात्री ते उघडलं तर भोंगा वाजतो. चिलरला वेळापत्रक बसवलं, तो आपला आपण आठला सुरू होतो. त्या बदलाच्या कागदावर प्रमाणित चालकाची सही लागते. ती माझी आहे. मी वाचून केली होती, पण घाईत होते, कारण मला दाराच्याच व्याख्यानाला जायचं होतं.

काल, रविवारी, मी मामांच्या गावी गेले. का गेले हे धड सांगता येत नाही. चौकात गवताची गाडी दिसली, वास आला, आणि पाय बसस्टँडकडे वळले. सेलूला उतरून पुढे ऑटो. अंगणात चटईवर मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोडसर वास पसरला होता. मामा घरात खाटेवर बसले होते. दृष्टी कमी झाली आहे, आवाजावरून ओळखलं. या मॅडम, बसा, म्हणाले आणि मुलीला चहा टाकायला सांगितला. घराची दोन्ही दारं बंद होती, कारण दुपार झाली होती. आत खरंच गार होतं. मी पाठ करून गेले होते. त्या दिवशी बाकावर मी, असं सुरू करणार होते. मी मामा म्हटलं आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांनाच काही विचारायचं होतं.

"गच्चीचं दार उघडता ना सकाळी?"

"हो मामा," मी म्हटलं. "रोज."

तोंडातून कसं निघालं कळलं नाही. कदाचित इतके दिवस वर्गात तेच सांगत असल्यामुळे. मामांचा चेहरा सैल झाला. ते खाटेवरून जरा पुढे सरकले.

"मंग झालं, बाई," ते म्हणाले. "कागद कोणाच्याबी नावाचा राहो. दार उघडलं पाह्यजे."

चार वर्षांनी मी तो शब्द ऐकला, आणि तो मला खोटं बोलून मिळाला. चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. निघताना मामा म्हणाले की मंगळवारी डोळे दाखवायला वर्ध्याला यायचं आहे, आदल्या दिवशी पुतण्याकडे मुक्काम आहे, तर पाच वाजता इमारतीवर येऊन एकदा दार बघून घेतो. दुपट्टा लावून बघतो, म्हणाले, टोक उडतं का ते. डोळ्यांनी नाही तर हाताला कळेलच. मी मान हलवली. मान हलवायची होती तेव्हा हलवली नव्हती, आणि आता नको तिथे हलवली.

आज सोमवार. सकाळी मी व्यवस्थापकांकडे गेले आणि उद्या पहाटेपुरतं गच्चीचं कार्ड मागितलं. त्यांनी कारणही विचारलं नाही, तुमचाच तर प्रकल्प आहे मॅडम, म्हणून हातात ठेवलं. दुपारभर मी खूश होते. उद्या पाचला दार उघडून ठेवायचं, विटा लावायच्या, जिना झाडून घ्यायचा. मामा येतील, दुपट्टा उडेल, समाधानाने दवाखान्यात जातील. कुणाचं काही बिघडत नाही. संध्याकाळी कूलरमध्ये गवत भरायला बसले, जाळी दाबली, टाकीत पाणी सोडलं, आणि वास आला. हात तिथेच थांबले. आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, गवत टोचलं.

पुस्तिकेत मामांचं नाव घाला असं पत्र मी आत्ता लिहून ठेवलं आहे. वरातीमागून घोडं, पण लिहिलं. आणि उद्या वर पोचेपर्यंत ते कार्ड पर्समध्येच राहणार आहे. उद्या मी दार आधी उघडणार नाही. पाचला गेटपाशी उभी राहीन, मामांचा हात धरून चार मजले चढेन, आणि बंद दारासमोर त्यांना सगळं सांगेन. कुलूप, माझी सही, रविवारचं खोटं, आणि कूलरमागचा तो बाक. मग कार्ड त्यांच्या हातात देईन. दार उघडायचं की नाही ते ते बघतील. वर चढताना ते मला बाईच म्हणतील. उतरताना काय म्हणायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.